एक जूनचे गव्हाणे सर

फुकटची वस्तू हातात आली, की आमचे खेळाचे मास्तर गव्हाणे सर ती आधी हुंगून बघत. पेढा असो नाहीतर खडूचा डबा. वर देणाऱ्याच्या तोंडावर विचारत, "कशापायी द्यायलाय?" देणारा बिचारा ओशाळून जाई.

माणूस चिक्कू नव्हता, बरं का! ताडकळसच्या मैदानावर आम्हा मुलींच्या खो-खोसाठी चुन्याची फक्की ते पदरमोड करून आणत. "खो मिळाल्याबिगर उठलीस तर याद राख!" हा त्यांचा आवाज बाजारापर्यंत ऐकू जायचा.

मी सहावीत असताना पानमसाल्याच्या एका कंपनीचा माणूस जीप घेऊन आला. कंपनी दहा वर्षांपर्यंतच्या मुलींचा खो-खोचा संघ काढणार होती. बूट, छातीवर कंपनीचं नाव, शहरात राहणं-खाणं, घरी महिन्याला पगार. माझं पळणं त्याच्या नजरेत भरलं. आमचे अण्णा हरखून गेले. मी तर काय, बूट कधी पायात घातलेच नव्हते!

पण मी बारा वर्षांची. शाळेचे दाखले सरच लिहीत. "दोन वर्षं कमी करा की," तो माणूस गोड हसून म्हणाला.

"लेकराच्या छातीवर सुपारीचं दुकान, आन् वर खोटा दाखला? न्हाई जमायचं."

त्यानं टेबलावरचं शाळेचं रजिस्टर उघडलं. "अख्खा वर्ग एक जूनला जन्मला? अक्षर तुमचंच ना?"

सरांचंच होतं. पोराचा हात डोक्यावरून पलीकडच्या कानाला पुरला, की सहा वर्षं धरून सर एक जून टाकून मोकळे होत. आईबापांना तरी तारीख कुठं ठाऊक होती? सरांचा चेहरा पडला.

"ते लेकरं शाळेत घ्याया लिवलं," ते कसेबसे म्हणाले. "तुमी शाळंतून काढाया लिवा म्हनायलाव. आन् ही मोठी झाल्यावर हिला कोन इचारनार?"

तो जीपमध्ये बसून निघून गेला. अण्णा सरांना नाही नाही ते बोलले. मी रागानं खेळणंच सोडलं. पालमची एक मुलगी त्या संघात गेली. तिचं भलं झालं की वाईट, कुणालाच सांगता येईना.

सर जायच्या आठ दिवस आधी मी त्यांना भेटायला परभणीच्या दवाखान्यात गेले. तोवर मी दोन लेकरांची आई झाले होते.

"सुमे, म्या तुजं वाटोळं केलं का गं?"

नाही म्हणायला हवं होतं. मेली जीभच वळेना. "माहीत नाही, सर."

"मलाबी न्हाई म्हाईत," ते म्हणाले. "लय इचार केला. पर त्यो पुन्यांदा आला, तर म्या न्हाईच म्हनंन."

मला भयंकर राग आला. त्याच रागात मी त्यांचे पाय धरले आणि ढसाढसा रडले.