ऐंशीव्या मिनिटाची परीक्षा

"थांबव बाबू. मागं घे."

असं म्हणून सर उजवा हात वर करायचे, कोपर ताठ, पाची बोटं जुळलेली. समोर पडद्यावर फुटबॉलचा व्हिडिओ गेम चालू असायचा. कुडवा गावातल्या माझ्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला हा साठी ओलांडलेला माणूस खऱ्या मैदानात उभा असल्यासारखा खेळ थांबवायचा. मी निमूटपणे तेवढा भाग मागे नेऊन पुन्हा दाखवायचो.

शाळेत ते पीटीचे सर होते आणि जिल्ह्यातल्या सामन्यांचे पंच. धान कापून झाल्यावर रिकाम्या बांध्यांत, म्हणजे भातखाचरांत, पोरांचे सामने होत, तिथंही शिट्टी त्यांचीच असे. निवृत्तीनंतर फोनची काच बदलायला म्हणून आले आणि मग रोज दुपारी येतच राहिले. मी तेव्हा फुटबॉलचे नवे गेम खेळून पाहायचो आणि त्यांची पारख करणारे व्हिडिओ माझ्या चॅनेलवर टाकायचो. पारख म्हणजे काय, तर चेहरे किती हुबेहूब आहेत आणि गवत किती हिरवं आहे. त्यापुढे मला काही दिसत नव्हतं.

सर चेंडूकडे बघायचेच नाहीत, पायांकडे बघायचे. धावणारा खेळाडू गर्रकन मागे वळला की त्यांचा हात वर. वळताना पाय रोवला का त्यानं? नाही रोवला, मग वळला कसा? शेवाळावर घसरून राहिला काय? पडद्यावरचा पंचही त्यांच्या तावडीतून सुटत नसे. तो चेंडूच्या वाटेत उभा दिसला की सर कपाळाला हात लावायचे. मी खेळायचा आग्रह केला तर मात्र हात मागे घेत. "पंचानं चेंडूले पाय लावू नये," म्हणायचे.

सगळ्यात कठीण होती ती ऐंशीव्या मिनिटाची परीक्षा. कडेनं पळणारा एकच खेळाडू निवडायचा आणि पहिल्या मिनिटापासून त्याला जीव तोडून पळवत ठेवायचं. ऐंशीव्या मिनिटाला त्याचा वेग बघायचा. तो पहिल्यासारखाच पळत असला तर गेम नापास. अशा गेममध्ये वेगवान खेळाडू घेणारा नेहमीच जिंकणार, मग डोकं लावून खेळणाऱ्यानं कायले खेळायचं, असं त्यांचं साधं गणित होतं. बटण दाबून दाबून माझा हात भरून यायचा. "पाह्य, तुझा अंगठा थकला," ते हसून म्हणायचे, "पण त्याचे पाय नाही थकले. माणूस थकते ना बाप्पा."

ही परीक्षा मी माझ्या नावावर खपवली. 'माझी ऐंशीव्या मिनिटाची कसोटी' म्हणून व्हिडिओ टाकला आणि चॅनेलला लोक ओळखू लागले. सरांनी तो पाहिला, चांगला झाला म्हणाले. आयत्या बिळावर नागोबा झालो होतो, तरी मला तेव्हा अभिमानच वाटत होता.

पुढे गेम बनवणाऱ्या एका कंपनीनं आपला नवा गेम बाजारात येण्याआधी मला पाठवला. अशा मोठ्या कामासाठी मी सरांनाच कॅमेऱ्यासमोर बसवलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून, दाढी करून आले. पूर्ण सामना पाहिला, पाय पाहिले, ऐंशीवं मिनिट पाहिलं. मग सावकाश बोलले, "एकदम खऱ्यासारखं वाटते." श्वास घेतला आणि पुढे म्हणाले, "पण याच्यातला माणूस थकत नाही. आणि जो थकत नाही, त्याचा खेळ खरा नाही."

मी श्वासाच्या जागी कापलं.

तसं करायला मला कोणी सांगितलं नव्हतं. पुढचा गेमही आपल्यालाच मिळावा एवढा एक हावरा विचार होता. तुमच्यापैकी कोणी तो व्हिडिओ पाहिला असेल, तर इस्त्रीच्या शर्टातले सर तुम्हाला त्या एका वाक्यापुरतेच भेटले आहेत.

कुडव्यातल्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांनी तो पाहिला. सर, शिट्टी सोडून जाहिराती करून राहिले काय, असं चौकात कोणी तरी विचारलं. ज्या माणसानं स्वतःच्या शाळेविरुद्ध पेनल्टी दिली होती, त्याला हे ऐकावं लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ते आले आणि व्हिडिओ लावायला सांगितला. त्यांचं वाक्य संपताच हात वर झाला.

"थांबव बाबू. मागं घे."

दोनदा पाहिलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "पुढचं काऊन कापलं?"

व्हिडिओ लांबत होता, असं मी म्हणालो. सर म्हणाले, "चुकीची शिट्टी वाजली, तर पंच आपली चूक मानते आन् पुन्हा खेळ सुरू करते. तू बी कर."

करतो म्हणालो आणि केलं नाही. त्या व्हिडिओला माझ्या सगळ्या व्हिडिओंपेक्षा जास्त प्रेक्षक लाभले होते. आठवड्यानं सर पुन्हा विचारायला आले, तेव्हा मी गिऱ्हाइकाचा फोन उघडून उगाच त्यात डोकं खुपसलं. त्यानंतर ते आले नाहीत. सायकलवरून दुकानासमोरून जाताना मान मात्र हलवायचे, आणि ते मला फार जड जायचं.

गेल्या हिवाळ्यात सर गेले. मी तेरवीला गेलो. त्यांची मुलगी सडक अर्जुनीला दिलेली आहे, ती मला अंगणात बाजूला घेऊन गेली. तिच्या फोनमध्ये माझा तो व्हिडिओ होता. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठंच नाही, म्हणाली, एवढाच आहे.

"भाऊ, याच्या पुढचं काही हाय का तुमच्यापाशी? बाबा असं अर्ध्यावर सोडत नव्हते."

पूर्ण चित्रीकरण माझ्या कॉम्प्युटरवर होतं, आजही आहे. ते दिलं असतं तर मी काय कापलं हे तिला कळलं असतं.

"नाही ताई," मी म्हणालो. "तेवढंच बोलले ते."

तिनं फोनकडे पाहिलं आणि पदरानं त्याची काच पुसली.

"थकले असन मग त्या दिवशी," ती म्हणाली.