मनोरीतल्या वसुधाताई

घाडी सर रस्त्याने चालता चालता मध्येच थांबायचे. नाहूर स्टेशनकडून आमच्या सोसायटीकडे येताना गटाराच्या कडेला एक जुना कोरीव दगड पडलेला होता, बहुतेक कुठल्यातरी देवळाचा. लोक त्याच्यावर पाय देऊन गटार ओलांडायचे. सर वळसा घालून यायचे, वाकून त्याच्यावरची धूळ हाताने झटकायचे आणि क्षणभर बघत राहायचे. पाठीमागून येणारं कुणी वैतागलं की म्हणायचे, "घाई कुणाला आहे? दगड काही पळून जात नाही." मुलुंडच्या एका शाळेत त्यांनी एकतीस वर्षं इतिहास शिकवला. सनावळ्या पाठ करून घेतल्या नाहीत. मुलांना बसमध्ये घालून किल्ले आणि लेणी दाखवायला न्यायचे, आणि कुणी काही ठोकून दिलं की विचारायचे, "पुरावा काय?"

मी त्याच इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहते आणि घरीच ब्लाउज शिवते. सर चौथ्या मजल्यावर. मूळचे मालवणकडचे, वडील गिरणीत होते. मालतीवहिनी गेल्यावर सर एकटेच राहिले, मुलगा निखिल नोकरीनिमित्त नाशिकला. एका दुपारी सर माझ्या दारात उभे राहिले. हातात वहीचा कागद, त्यावर फळ्यावर लिहावीत तशी टपोऱ्या अक्षरातली मापं. "बहिणीसाठी ब्लाउज शिवायचाय."

मी कागद वाचला. शोल्डर सतरा इंच. इतकी वर्षं हेच काम केल्यावर मापं वाचली की माणूस डोळ्यांपुढे उभा राहतो. मी हसत म्हणाले, "सर, बहीण कुस्ती खेळते काय?"

सर हसले नाहीत. त्यांनी सतराच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "शोभाताई, पुरावा तुमच्या हातातच आहे. मला बहीण नाही. ब्लाउज माझ्यासाठी आहे."

खोटं कशाला सांगू, मला कुठे बघावं कळेना. मशीनवर अर्धवट शिवलेली बाही होती, तिच्याकडे बघितलं. मग तोंडातून जे सुचलं ते गेलं: "मग ही मापं चुकलीत. स्वतःची मापं स्वतःला नीट घेता येत नाहीत. आत या."

त्यानंतर वर्षभरात मी त्यांना सहा ब्लाउज शिवून दिले. दर वेळी ते थोडं थोडं बोलायचे. मालतीवहिनींना सगळं ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी त्यांनी सरांना आपली साडी नेसलेलं बघितलं, दोन दिवस अबोला धरला आणि तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "घरात काय नेसायचं ते नेसा, पण दार लावून नेसा." सर त्याबद्दल कायम कृतज्ञ होते. "मालतीने मला हाकललं नाही, हसली नाही. निऱ्या कशा घालायच्या ते तिनेच शिकवलं. पण शोभाताई, दार चाळीस वर्षं लावलेलंच राहिलं."

मग एकदा त्यांनी मनातलं सांगितलं. त्यांना एक आठवडा बाईसारखं राहायचं होतं, पण दाराबाहेर. "मला नाटक नाही करायचं, कुणाला फसवायचं नाही. भर दुपारी चार वाजता साडी नेसून रस्त्याने चालायचंय. आणि जिथे जिथे मुलांना घेऊन गेलो, त्या जागा एकदा अशा बघायच्यात." मनोरीला समुद्राजवळ एक खोली त्यांनी बघून ठेवली होती. एकट्याने जायचा धीर होत नव्हता. "तुम्ही याल का?"

मी आयुष्यात सुट्टी अशी घेतलीच नव्हती. लग्नसराई संपली की सणाची गर्दी, सण संपले की पुन्हा लग्नसराई. नवरा गेल्यापासून तर मशीन आणि मी. सरांना विचारून लेकीला सगळं सांगितलं, तर ती म्हणाली, "आई, जा ना यार. सरांच्या भुवया मी करून देते." तिने खरंच करून दिल्या. सर डोळे घट्ट मिटून, खुर्चीचे हात धरून बसले होते.

मार्व्याच्या धक्क्यावरून आम्ही बोटीत बसलो तेव्हा सर पँट-शर्टातच होते. खोलीची मालकीण रोझी आंटी, सत्तरीची, गुडघे धरून चालणारी, इथलीच मूळची ईस्ट इंडियन ख्रिस्ती बाई. तिला सांगितलं होतं की दोघी बहिणी येणार आहेत. ती चर्चला गेली होती, किल्ली खिडकीत ठेवली होती. सर आतल्या मोरीत गेले आणि तासाभराने वसुधाताई होऊन बाहेर आले. हे नाव त्यांनी स्वतःच निवडलं होतं, कधी ते त्यांनाही आठवत नव्हतं. फिक्या जांभळ्या रंगाची सुती साडी, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा असलेला टोप, चष्मा तोच. एखाद्या निवृत्त मुख्याध्यापिका दिसाव्यात तशा दिसत होत्या.

पण पहिल्या दिवशी त्या उंबऱ्याबाहेर पडल्याच नाहीत. पदर मुठीत धरून पलंगावर बसून राहिल्या. "माझी वाट लागली, शोभाताई. पाय उचलत नाही." मी बळजबरी केली नाही. दुसऱ्या दिवशी चार वाजता मात्र स्वतःच चपला घातल्या. "मी येतो," म्हणाल्या, थांबल्या, आणि स्वतःलाच दुरुस्त केलं, "मी येते." आपल्या भाषेत साधं 'येते' म्हणायलासुद्धा ठरवावं लागतं, हे माझ्या तोवर कधी लक्षात आलं नव्हतं. किनाऱ्यावर एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. तिने मान वर न करताच हाक मारली, "ओ मावशी, बोंबील बघा, ताजे हायत." वसुधाताई जागच्या जागी उभ्या राहिल्या. "मावशी म्हणाली," त्या माझ्या कानात पुटपुटल्या. आम्ही गरजेपेक्षा दुप्पट बोंबील घेतले. परतताना त्या एकदम मालवणीत म्हणाल्या, "बरां वाटला गो." सर मला नेहमी अहो-जाहो करायचे. 'गो' मी पहिल्यांदाच ऐकला.

तिसऱ्या दिवशी सकाळी दाराबाहेर पितळी तपेलीत गरम पाणी झाकून ठेवलेलं होतं. रोझी आंटी अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. मी विचारलं, "हे कशाला?" ती म्हणाली, "तुझ्या बहिणीला. थंड पाण्याने दाढी नीट होत नाही." आणि पुन्हा कोंबड्यांकडे वळली. पुढे रोज ती तपेली येत राहिली, आणि आंटीच्या तोंडून 'वसुधा, जेवलीस काय?' याखेरीज वेगळा शब्द आला नाही.

मग आमचं फिरणं सुरू झालं. उत्तनच्या पुढे खाडीकाठी धारावीच्या किल्ल्याचा (ही मुंबईतली धारावी नव्हे) उरलासुरला बुरूज बघितला. बोरिवलीला मंडपेश्वरची लेणी बघितली. कान्हेरीला गेलो तो दिवस माझा होता. आम्ही बौद्ध, दरवर्षी माणसांच्या लोंढ्यात कान्हेरीला जाऊन आलेलो, पण तिथल्या भिंती मी कधी वाचल्या नव्हत्या. वसुधाताईंनी एका लेण्यात अंधूक अक्षरांवर बोट न टेकवता, नुसतं हवेत बोट फिरवत दाखवलं, "इथे दान देणाऱ्यांची नावं कोरलीत. त्यांत भिक्षुणी आहेत, घरसंसार करणाऱ्या बायका आहेत. राजे सगळ्यांना माहीत असतात. या बायकांना कुणी विचारत नाही, आणि दोन हजार वर्षं त्या इथे आपलं नाव सांगत उभ्या आहेत." मी हात जोडले. त्यांनीही जोडले.

त्या दिवशी ऊन रणरणत होतं. मी बाटली पुढे केली की त्या मान हलवायच्या. तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. स्वच्छतागृहात कुठल्या दाराने जायचं, हा प्रश्न त्यांना नको होता. सकाळपासून त्यांनी घोटभर पाणी घेतलं नव्हतं. मीही बाटली पिशवीत ठेवून दिली.

सहाव्या दिवशी वसई. भाईंदरहून बोटीने खाडी ओलांडली. किल्ल्यात पडक्या चर्चजवळ शाळेची सहल आली होती, सातवी-आठवीची मुलं. त्यांच्या बाई पस्तिशीच्या, घामाघूम झालेल्या, कागदातून वाचून सांगत होत्या, "हा किल्ला चिमाजी आप्पांनी बांधला."

मी वसुधाताईंचा हात धरायला गेले, पण उशीर झाला होता. "बांधला नाही, जिंकला!" त्या खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बांधला पोर्तुगीजांनी. मी सांगतो. थांबा जरा, घाई कुणाला आहे? दगड काही पळून जात नाही."

तो आवाज सरांचा होता. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मुलं वळून बघायला लागली. एक जण खिदळला, "ए, आवाज बघ ना!" दुसऱ्याने मोबाइल काढला. वसुधाताईंचा चेहरा पांढराफटक पडला. पदर खांद्यावर ओढून त्या माझ्या मागे सरकल्या, सहा फुटी माणसाने माझ्या मागे लपावं तशा.

त्या बाई एकटक बघत होत्या. नंतर कळलं, त्यांचं नाव रेश्मा, मुलुंडच्या शाळेत सरांच्या हाताखालून गेलेली. तिने ओळखलं होतं. तिच्या ओठावर 'सर' हा शब्द आलेला मी बघितला. तो तिने गिळला आणि मुलांकडे वळली. "हसायला काय झालं? बसा खाली सगळे. मी चुकीचं सांगत होते. या बाईंना माझ्यापेक्षा जास्त माहिती आहे. मी यांच्याकडेच इतिहास शिकलेय." मग हात जोडून म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा ना."

वसुधाताईंनी तासभर शिकवलं. वेढा, तटबंदी, चर्च, तिथे राहून गेलेली माणसं. पहिली पाच मिनिटं आवाज दबका होता, मग मोकळा झाला. मध्येच एकाने काही ठोकून दिलं, तर "पुरावा काय?" म्हणून त्याला उभं केलं. निघताना मुलांनी त्यांच्याबरोबर फोटो काढला. रेश्मा वाकून पाया पडली. "येते हं बाई." ती गेल्यावर वसुधाताई पायरीवर बसल्या, माझ्याकडून बाटली मागून घेतली आणि एका दमात अख्खी संपवली. मग मला म्हणाल्या, "चल, बायकांचं स्वच्छतागृह कुठे आहे ते बघू." मी दाराशी उभी राहिले. कुणी काही म्हणालं नाही.

सुट्टी संपली, पण तो फोटो फिरला. कुठल्यातरी पालकाच्या मोबाइलवरून जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर, तिथून नाशिकला. पंधरा दिवसांनी निखिल आला. माझ्या घरापर्यंत त्याचा आवाज ऐकू येत होता. मी जिना चढून वर गेले. तो मोबाइल पुढे करून म्हणत होता, "बाबा, सांगा हे खोटं आहे. कुणीतरी फोटोत गडबड केलीय, असं सांगा. मी सगळ्यांना तेच सांगतो."

सुटायला वाट होती. सरांनी चष्मा लावून फोटो नीट बघितला. "मीच आहे हा," ते म्हणाले. "चांगला आलाय."

निखिल त्याच पावली परत गेला. आठ महिने त्याचा फोन नाही. सर त्याबद्दल तक्रार करायचे नाहीत. "त्याला एका दिवसात कळावं असं मी कसं म्हणू? मला कळायला पन्नास वर्षं लागली." पण फोन वाजला की हातातलं टाकून धावायचे. मनोरीला पुन्हा जाऊ, असं मी दोनदा म्हटलं. "एकदा गेले ना," एवढंच म्हणाले.

मग त्यांना हृदयविकाराचा झटका आला. मीच निखिलला कळवलं. तो आला आणि राहिला. बापाला भरवलं, अंग पुसलं, कुशीवर वळवलं. त्या विषयावर दोघं बोलले की नाही, मला माहीत नाही. अठराव्या दिवशी सर गेले.

दिवसकार्य झाल्यावर निखिल माझ्याकडे आला. खुर्चीत बसला. "काकी, त्या आठवड्यात बाबांना कुणी त्रास दिला का?"

"नाही रे."

"खूश होते?"

"खूप. बोंबील खायची हद्द केली."

तो हसला आणि हसता हसता तोंड ओंजळीत झाकून रडला. मग मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्या दिवसापासून. तोवर संध्याकाळ झाली. जाताना म्हणाला, "मला ती जागा दाखवाल?"

पुढच्या रविवारी आम्ही मार्व्याहून बोटीत बसलो. रोझी आंटी अंगणात मिरच्या वाळत घालत होती. मला बघून तिला आनंद झाला. माझ्या पाठीमागे पाहत तिने विचारलं, "वसुधा कुठाय? या वेळी नाही आली?"

निखिल पुढे झाला.

"त्या गेल्या, आंटी," तो म्हणाला. "मी त्यांचा मुलगा."

आंटीने कपाळाला हात लावून क्रूसाची खूण केली. मग मिरच्यांचं सूप बाजूला सारून त्याला बसायला जागा करून दिली.