मधली पांढरी पट्टी

हे मी आजवर कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. देवापुढेही नाही — त्याला काय सांगायचं, त्याच्याच नावानं तर नारळ फुटला होता. तुम्ही माझ्या ओळखीचे नाही, म्हणून तुमच्याशी बोलते आहे. ओळखीच्या माणसापुढे माझी जीभच उचलत नाही.

मी रिसोडला पियानो शिकवते. हसलात ना? हसा. रिसोडला लोक सोयाबीन विकायला येतात, पियानो शिकायला कोण येणार? पण येतात, आठ-दहा पोरं येतात. पियानो माझ्या समोरच्या खोलीत आहे, आमच्या सरांचा. सर गेले तेव्हा तो माझ्या नावानं ठेवून गेले. माझ्या! पण ते नंतर. मला जरा दम घेऊ द्या.

सर नागपूरला आयुष्यभर वाजवून म्हातारपणी गावी परतले, तेव्हा हे धूड सोबत घेऊन आले. त्यांच्याकडे शेवटपर्यंत आम्ही दोघीच टिकलो. मी, आणि रिठदची रंजना. ती जीपमध्ये स्वतःला कोंबून यायची, कापूस वेचून बोटांवर ओरखडे असायचे, आणि ती बोटं पट्ट्यांवर पडली की सर डोळे मिटून घ्यायचे. माझ्या वेळी त्यांचे डोळे उघडे असत. मी ते पाहून ठेवलं होतं. असल्या गोष्टी मी फार नीट पाहून ठेवते.

आम्ही विशीत आलो तेव्हा सरांनी दोघींचा कार्यक्रम ठरवला, एका मंगल कार्यालयात, रविवारी सकाळी. पुण्याहून एक नावाजलेल्या बाई ऐकायला येणार होत्या. दोघींतल्या एकीला त्या सोबत नेणार होत्या, घरी ठेवून शिकवणार होत्या. एकच. रंजनाच्या घरी स्थळं बघणं सुरू झालं होतं. ती म्हणायची, "वैशे, हे जमलं तं मी सुटली वं." मी तिच्या हातावर टाळी दिली होती.

पियानो टेम्पोत गाद्या लावून आणला. सर बाईंना घ्यायला वाशिमच्या स्टेशनवर निघाले आणि मला बजावून गेले — झाकण उघडू नको, पाणी जवळ येऊ देऊ नको. मी मान हलवली. अर्ध्या तासात कार्यालयाचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, नारळ घेऊन हजर! आमच्याकडे नवी वस्तू दारात आली, मग ट्रॅक्टर असो की फटफटी, पूजा झाल्याशिवाय तिला कुणी हात लावत नाही. काकांनी हळदीकुंकवाची पाच बोटं ओढली, पायरीवर नारळ फोडला आणि म्हणाले, "तोंड उघड वं पोरी याचं. झाकनाची पूजा करतेत का कुठी?"

मी झाकण उघडलं.

ट्रॅक्टरवर शिंपडतात तसं त्यांनी ओंजळीतलं पाणी शिंपडलं. मी ओढणीनं भराभरा पुसलं आणि एकेक पट्टी दाबून पाहिली. सगळ्या ठीक होत्या. मधली एक पांढरी सोडून. ती दाबली की वाजायची, पण वर यायला वेळ लावायची. लगेच पुन्हा दाबली तर — काही नाही. मुकी. डोळ्यांना दिसतही नव्हतं, बोटालाच कळत होतं.

रंजना तोवर आली नव्हती. तिची जीप केनवडला बंद पडली होती. ती पोचली तेव्हा लोक बसले होते, सर आणि बाई पहिल्या रांगेत होते, आणि माझं नाव पुकारलं जात होतं.

मी आधी वाजवलं. माझ्या रचनेत ती पट्टी लागोपाठ दोनच ठिकाणी होती, तिथं मी वरच्या सप्तकातली घेतली. कुणाला कळलं नाही. म्हणजे मला ठाऊक होतं, लक्षात येतंय ना तुमच्या? विसरले, गडबडीत राहून गेलं, असं म्हणायची सोयच मी ठेवली नाही. रंजनाची रचना सुरूच त्या पट्टीनं व्हायची. तोच स्वर, चार वेळा, नळ गळावा तसा. आणि शेवटपर्यंत फिरून फिरून तिथंच यायची.

मी वाजवून आत आले तेव्हा ती पडद्यामागे ओढणीला पिन लावत होती. माझ्याशी हसली. "मस्त झालं वं तुह्यं," म्हणाली. किती वेळ लागला असता मला? रंजे, मधली पट्टी ओली आहे. एवढंच तर होतं.

सर रागावतील म्हणून बोलले नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. खोटं आहे ते. सर माझ्यावर कधी रागावलेच नव्हते. मला पुण्याला जायचं होतं.

तिनं सुरुवात केली. एक — आणि मग काहीच नाही. तिसरा स्वर आला, चौथा गेला. ती थांबली. पुन्हा सुरू केलं, जास्त जोर लावून, तर बाकीची बोटंही बिचकली. मागे कुणीतरी खाकरलं. ती तशीच धडपडत शेवटपर्यंत गेली आणि उठून उभी राहिली, परीक्षेत नापास झाल्यासारखी.

सर ताडकन उठून आले. तिच्यासमोर, बाईंसमोर त्यांनी मला विचारलं, "वैशाली, पट्टी अडकत होती का?"

मी म्हटलं, "नाही सर. मी आत्ताच तर वाजवलं."

रंजनानं माझ्याकडे पाहिलंही नाही. तिनं आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तिचं ते पाहणं अजून माझ्या घरात आहे.

दुसऱ्या दिवशी सरांनी पट्टी तपासली, तोवर ती वाळून चांगली झाली होती. बाई मला घेऊन गेल्या. रंजनाचं त्याच उन्हाळ्यात लग्न झालं. आणि मी? चार वर्षं पुण्यात राहून काही मोठी झाले नाही. तेवढं पाणीच नव्हतं माझ्यात. परत आले. सरांनी जाण्याआधी पियानो माझ्या नावावर केला, तेव्हाही तोंड उघडलं नाही. रोज सकाळी चहाच्या आधी मी ती पट्टी दोनदा दाबते. दोन्ही वेळा वाजते. पण कुकरची शिट्टी, दारावरची थाप, काहीही लागोपाठ वाजलं की मला मधला एक आवाज ऐकूच येत नाही.

गेल्या सोमवारी रंजना दारात आली, नऊ वर्षांची पोरगी घेऊन. खुर्चीवर बसलीसुद्धा नाही. "इचे बोटं पाह्यून घे आधी," म्हणाली. "माह्यासारखे कच्चे असतीन तं आत्ताच सांगून दे. उगी आशेले लावू नोको पोरीले."

पोरीला मी स्टुलावर बसवलं. तिनं नेमकी तीच पट्टी निवडली. चार वेळा दाबली. चारही स्वर आले, गोल, भरलेले. माझे डोळे आपोआप मिटले.

"चांगली आहेत," मी म्हटलं. "फार चांगली बोटं आहेत."

रंजनाचा चेहरा उजळला. "कोनावर गेली कोन जाने," ती म्हणाली.

तेव्हा सांगता आलं असतं. खोलीत आम्ही तिघीच होतो, पियानो समोर होता, तिनं स्वतःच विचारलं होतं.

मी म्हटलं, "बापावर गेली असेल."

रंजनानं मान डोलावली. तिनं तेही खरं मानलं.