पाळणा बघायला गेलेल्या जिजी

जिजी कुठल्याही खुर्चीवर थेट बसत नसत. आधी तिची पाठ दोन्ही हातांनी धरून ती गदागदा हलवत, कुठे कुरकुरते का ते कान देऊन ऐकत आणि मगच नऊवारीचा घोळ सावरून टेकत. खुर्ची रिकामीच असली पाहिजे अशी काही त्यांची अट नसे. आमच्या घरी त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा मी शिकवत असे त्या शाळेचे मुख्याध्यापक चहा घेत बसले होते. जिजींनी दारातूनच खुर्चीकडे निरखून पाहिलं, सरळ मागे जाऊन पाठ धरली आणि सरांसकट खुर्ची हलवली. चहा बशीत आला. सर उठून उभे राहिले.

"बसा बसा," जिजी म्हणाल्या. "मागचा एक पाय जरा ढिला हाय, पन तुमी काय लय जड नाय."

सर बसले, पण अगदी कडेवर. त्यानंतर ते आमच्याकडे आले की उभ्यानेच चहा घेत.

नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत जिजी खालच्या मजल्यावर धाकट्या मुलाकडे राहायच्या. सारा जन्म मखमलाबादकडच्या मळ्यात गेलेला. झेंडू, मेथी, टोमॅटो पिकवायचे आणि स्वतः बाजारात बसून विकायचे. मुलाला इकडे नोकरी लागली, तेव्हा मळा थोरल्याच्या हाती देऊन त्या इथे आल्या. हात मात्र मळ्यातलाच राहिला. कलिंगड वाजवून घ्यावं तशा त्या सगळं जग वाजवून घेत. जिन्याचा कठडा, गॅसची शेगडी, मुलाची नवी स्कूटर, सगळ्यांना एकच न्याय. "आदी हलवावं, मंग भरवसा ठेवावा." हे त्या इतक्या वेळा म्हणत, की कॉलनीतली मुलं त्यांना पाहिलं की विजेचा खांब हलवून दाखवत.

मला दिवस गेले तेव्हा जिजींनी माझा ताबा घेतला. माझी आई लग्नाआधीच गेलेली, सासूबाईही नव्हत्या. वडील मनमाडला एकटे, रेल्वेतून निवृत्त झालेले. ते पत्रातून "काळजी घे" एवढंच लिहीत आणि कशाची ते लिहायला लाजत. माझा नवरा श्रीकांत सिन्नरच्या कारखान्यात पाळ्यांमध्ये कामाला. त्यामुळे मी काय खायचं, किती चालायचं, कुठल्या कुशीवर वळायचं हे जिजी ठरवू लागल्या. श्रीकांतला त्या 'जावई' म्हणू लागल्या, तेव्हाच मला कळलं की मी आता त्यांची मुलगी झाले आहे. मला फार बरं वाटलं.

पण माझा एक दोष जिजींना ठाऊक होता. मला झोप लागली की मी मेल्यासारखी झोपते. एकदा दुपारी श्रीकांत कामावरून आला तर दाराला आतून कडी आणि मी गाढ झोपलेली. त्याने बेल वाजवली, दार बडवलं, शेजारच्यांनी थाळी बडवली. शेवटी जिजी वर आल्या. गॅलरीतून आमची खिडकी दिसायची. त्यांनी ओच्यातून टोमॅटो काढला आणि गजांमधून नेम धरला. पहिला भिंतीवर बसला, दुसरा उशीवर. तिसऱ्याला मी जागी झाले, कपाळावर रस घेऊन.

तो प्रसंग सगळ्यांनी हसण्यावारी नेला होता. आता जिजींना तो आठवला आणि त्या हसल्या नाहीत. "मास्तरीण," त्या माझ्याजवळ बसून हळू आवाजात म्हणाल्या, "तू झोपंत वळली आनि पोर खाली आलं, तर तुला कळायचं बी नाय."

ही भीती मलाही आतून खातच होती, फक्त कुणी उच्चारली नव्हती. मी रडले. जिजींनी मला रडू दिलं आणि मग उपाय सांगितला: छताला कडी, कडीला झोळी, झोळीत बाळ. त्यांची सगळी पोरं झोळीतच वाढली होती. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, बाळ आईच्या हाताशी हवं, पण अंथरूण त्याचं स्वतःचं, सपाट आणि घट्ट हवं. उशी नको, मऊ गादी नको, झोळीत तर मान दुमडते. पलंगाला लावून ठेवता येईल असा पाळणा बघा, एका बाजूचा कठडा खाली घेता येईल असा.

मला वाटलं, झोळी नको म्हटल्यावर जिजी रुसतील. त्या दोन दिवस बोलल्याच नाहीत. तिसऱ्या दिवशी हातात पिशवी घेऊन वर आल्या. "चल. पाळना बघू."

आता बाळ जन्मण्याआधी पाळणा घरात आणायचा नाही, हा आमच्याकडचा पक्का रिवाज. श्रीकांतने ती शंका काढली. जिजींनी त्याला गप्प केलं. "आनायचा कोन म्हनतंय? पोरगी बघत्यात तसा बघायचा. पसंत पडला तर सांगून ठिवायचं. आनायचा पोर झाल्यावर."

निघायच्या आधी त्या आमच्या पलंगापाशी उभ्या राहिल्या आणि गादी आपल्या पायाला कुठे लागते ते हाताने नीट चाचपून घेतलं. गुडघ्याच्या वर चार बोटं. "पाळना बी तेवढाच पायजे. वरखाली झाला तर मधी फट." टेप आणते म्हटलं, तर त्या म्हणाल्या, "टेप इसरल. माजा पाय माज्यासंगं येतो."

मेन रोडच्या दुकानात शेठ हौशी होते. आम्हाला बघताच त्यांनी नक्षीचा झुलता पाळणा पुढे ओढला आणि झोका दिला. जिजींनी झडप घालून पाळणा धरला.

"रिकामा पाळना हलवतो का रं शेठ? पोराचं पोट दुखंल."

"मावशी, बाळ अजून व्हायचंय ना."

"व्हायचं असंल. पोट तर हाय का नाय त्याला?"

जिजींनी पिशवीत हात घातला आणि लुगड्याच्या मऊ तुकड्यात गुंडाळलेलं, वर टोपडं घातलेलं काहीतरी बाहेर काढलं. तो त्यांच्या पाट्यावरचा वरवंटा होता. बारशाला पाळण्यात घालतात तो. तो त्यांनी पाळण्यात निजवला, दुपटं सारखं केलं आणि म्हणाल्या, "आता हलव."

दुकानात आलेल्या एक बाई कौतुकाने पुढे वाकल्या. "अगं बाई, किती शांत बाळ आहे." मग त्यांनी दुपटं जरा बाजूला केलं आणि दुसऱ्या रांगेत निघून गेल्या.

शेठनी जोरात झोका दिला. वरवंटा घरंगळला, दोन गजांमधून निसटला आणि धाडकन फरशीवर पडला. फरशीचा टवका उडाला. मी पोटावर हात धरून उभी होते. शेठ टवक्याबद्दल काहीतरी बोलणार होते, पण माझा चेहरा बघून थांबले. जिजींनी वाकून वरवंटा उचलला, दुपट्याने पुसला आणि छातीशी धरला, अगदी खरं मूल पडल्यासारखा.

"हा नापसंत," त्या म्हणाल्या.

मग दुसरा. त्याची गादी फोमची, गुलाबी. शेठ म्हणाले, लोण्यासारखी आहे. जिजींनी डोक्यावरचा पदर मागे सारला आणि पाळण्यात वाकून आपलं तोंडच त्या गादीत खुपसलं. बराच वेळ त्या तशाच राहिल्या. शेठ माझ्याकडे बघायला लागले. शेवटी मीच त्यांचा दंड धरला. त्या लालबुंद होऊन वर आल्या. "दम कोंडतो. मला मान उचलता येती, त्याला येनार नाय. हा बी नापसंत."

तिसऱ्या पाळण्याला चाकं होती. जिजींनी बोट लावलं आणि वरवंटा स्वारी करून थेट काउंटरपर्यंत गेला. चौथ्याला झालरी आणि लोंबती खेळणी होती. प्रत्येक दोरी बाळाच्या गळ्याशी कशी येईल ते जिजींनी स्वतःच्या गळ्याला लावून दाखवलं. पुढच्या आठवड्यात आम्ही दुसरं दुकान पाहिलं, मग तिसरं. एव्हाना रिक्षावाल्यांनाही वरवंट्याची ओळख झाली होती. एकाने तर "बाळाचं तिकीट नाही ना घ्यायचं?" असं विचारून घेतलं.

शेवटी देवळालीच्या रस्त्यावरच्या एका लहानशा दुकानात तो सापडला. सागवानी, बिनानक्षीचा. गज इतके जवळ, की वरवंटा आडवा-उभा कसाही केला तरी बाहेर पडेना. गादी कापसाची, घट्ट भरलेली. एका बाजूचा कठडा खाली येई आणि वर केला की खट्‌कन बसे. जिजींनी वरवंटा आत ठेवून पाळणा सगळ्या बाजूंनी हलवला. कुरकुर नाही. मग पायाला लावून उंची पाहिली. गुडघ्याच्या वर बरोबर चार बोटं. "ठरलं," त्या म्हणाल्या आणि पाळण्याला पसंतीचं कुंकू लावलं. दुकानदाराला वाटलं आता घेऊन जातील. त्याला समजावता समजावता मला धाप लागली.

मुक्ता झाली. मी दवाखान्यात होते तेव्हा जिजींनी पाळणा घरी आणवला आणि पलंगाला लावला. श्रीकांत सांगायला आला तेव्हा त्याला हसू आवरत नव्हतं. पाळणा उंच झाला होता. मधे चांगली फट आणि पायरी. घरी मोजताना जिजी अनवाणी होत्या आणि दुकानात पायात जाड टायरच्या वहाणा होत्या. पाय संगं आला होता खरा, पण वहाणाही संगं आल्या होत्या.

श्रीकांतने करवत काढली. जिजी आडव्या आल्या. "पाळन्याचे पाय कापायचे नाय. पोराच्या पायाखालचं कापत्यात का?"

"मग काय करायचं, जिजी?"

"तुमचा पलंग उचला."

अशा रीतीने आमच्या पलंगाखाली विटा आल्या. जिजींनी मग त्यावर श्रीकांतला निजवलं आणि आपल्या मुलाला घेऊन दोन्हीकडून पलंग हलवला. विटा जागच्या जागी. पलंग आणि पाळणा त्यांनी सुती दोराने असे करकचून बांधले, की मधे वरवंट्याचं टोकही शिरेना. पुढे मुक्ता चालू लागेपर्यंत मी पाटावर पाय देऊन पलंगावर चढत होते. येणारे पाहुणे विचारत, घरात पाणी शिरतं का.

मुक्ताला घेऊन घरी आले त्या दुपारी मी पाळण्याशेजारी टक्क जागी होते. दवाखान्यातही मी धड झोपले नव्हते. डोळे मिटले की फरशीवर पडलेला वरवंटा ऐकू येई. जिजी पलंगाजवळ खुर्ची घेऊन बसल्या, अर्थात हलवून. "झोप आता. म्या हलवून बघितलंय."

मी झोपले. किती वेळ ते ठाऊक नाही. मुक्ताने रडणंसुद्धा नाही, नुसतं कुईं केलं आणि मी उठून बसले. हात आधीच तिच्या अंगावर गेला होता. जिजी माझ्याकडे आ वासून बघत होत्या. त्यांच्या मांडीवर ओच्यात लालभडक टोमॅटो होते.

"म्हटलं, तू नाय उठली तर," त्या ओशाळून म्हणाल्या. मग त्यांना इतकं हसू आलं की डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि मलाही. "आता चटनी करते ह्यांची. लय जागी आई हाय तू, मास्तरीण."

आई म्हणून मला मिळालेलं ते पहिलं प्रशस्तिपत्र. त्याहून मोठं मला अजून कुणी दिलेलं नाही.

मुक्ता जिजींच्याच अंगाखांद्यावर वाढली. चालायला लागली ती खुर्च्या हलवत. शाळेत पहिल्या दिवशी तिने बाक हलवून पाहिला म्हणून बाईंनी मला बोलावून घेतलं. कोणाच्याही घरी रिकामा पाळणा दिसला, की तिथे ती आपली बाहुली ठेवी आणि मगच हात लावी. जिजी हे अभिमानाने सगळ्या कॉलनीला सांगत.

मुक्ता तिसरीत असताना जिजी आजारी पडल्या. दवाखान्यातल्या त्या पलंगाला दोन्हीकडे लोखंडी कठडे होते. नर्सने ते वर केले तेव्हा जिजी गजांकडे बघत राहिल्या. अंगात फारसं बळ उरलं नव्हतं, पण आवाजात खट्याळपणा होता.

"मला पाळन्यात घातलं का गं?"

मुक्ताने दप्तर खाली ठेवलं. कठडा दोन्ही हातांनी धरून हलवला, दुसऱ्या बाजूला जाऊन तोही हलवला, खाली वाकून पलंगाचे पाय बघितले. "घट्ट आहे, जिजी. झोपा."

"तू बघितलं म्हंजे झालं," असं म्हणून जिजींनी खरंच डोळे मिटले. मुक्ता रोज शाळेतून आली की आधी कठडा हलवी आणि मगच बोलायला बसे.

एके दिवशी आम्ही पोहोचलो तेव्हा जिजींना नुकतंच खाली नेलं होतं. त्यांचा मुलगा दारात उभा होता. त्याच्या हातात जिजींच्या वहाणा होत्या. मला कळलं. मुक्तालाही कळलं असावं, कारण ती सरळ आत गेली. चादर काढून टाकलेला पलंग वॉर्डातल्या मामांनी ढकलायला घेतला होता. गज खडखडत होते.

मुक्ताने धावत जाऊन कठडा धरला.

"मामा, रिकामा नका हलवू."

मामा थांबले. तिने पाठीवरचं दप्तर उतरवलं, पलंगाच्या मधोमध आडवं निजवलं, पट्टे नीट आत घेतले.

"आता न्या," ती म्हणाली.