गंगेच्या मातीवर वाळूची पोती

तापलेल्या हायड्रॉलिक तेलाला एक जडसर, किंचित गोड वास असतो. कोलकात्याच्या न्यू टाउनमधल्या आमच्या इमारतीसमोर सध्या खोदकाम चालू आहे. सकाळी गॅलरीत चहा घेऊन बसले की तो वास चौथ्या मजल्यापर्यंत चढून येतो. सूनबाई खिडक्या लावून घेते, मी नाक पुढे करून बसते. या वयात आवड अत्तराची असावी की तेलाची, हे कुणी ठरवायचं?

त्या वासासरशी बराकपूरकडचं सरकारी शेत डोळ्यांपुढे येतं, आणि त्याच्या बांधावर उभी असलेली चोवीस वर्षांची एक दीडशहाणी. विदर्भातून कृषी अभियांत्रिकीची कोरी पदवी घेऊन ती इथे रुजू झाली होती. अर्थात, मीच ती. हिवाळी मक्याची पेरणी हे माझं पहिलं स्वतंत्र काम, आणि चाचणीचं बियाणं जेमतेम एक पिशवी. ते वाया गेलं असतं तर हंगाम गेलाच असता, शिवाय बाईला यंत्रावर नेमलं हीच चूक झाली, असं म्हणायला साहेब मोकळे झाले असते.

माझा पिंड काळ्या, चिवट मातीचा. तिथे फण रुतावा म्हणून यंत्रावर ओझं ठेवताना पाहिलेलं. म्हणून ट्रॅक्टरमागच्या पेरणीयंत्रावर मी वाळूची दोन पोती चढवायला लावली. आमचे वयस्क चालक निरापददा म्हणाले, "दिदिमणी, यहाँ का माटी बहुत नरम है. बोरा उतार दीजिए." मी ऐटीत म्हणाले, "दादा, हिसाब मैंने किया है." काय तो माझा तोरा!

पहिली ओळ संपली. वळायला त्यांनी हायड्रॉलिकचा दांडा ओढून यंत्र उचललं, तशी ट्रॅक्टरची पुढची चाकं अधांतरी झाली. त्यांनी घाई न करता यंत्र खाली टेकवलं. चाकं जमिनीवर आली, माझा जीव तेवढा वरच राहिला. ओळ उकरून पाहिली, तर दोन पेरं खोल हवे असलेले दाणे अख्खं बोट घालूनही हाती लागेनात. माझे डोळे भरले. "रोइए मत," निरापददा म्हणाले, "वो हमारा मुर्गी का मक्का है. असली बीज थैली में है."

आपली चूक न अडवता, तिच्याखाली हळूच काही मऊ अंथरून ठेवणारं माणूस आयुष्यात किती जणांना लाभतं?

मग पोती उतरली, यंत्रात पिशवीतलं खरं बियाणं भरलं. ट्रॅक्टरच्या नाकाशी लोखंडी वजनं अडकवली. दांडा पुरता खाली सोडून यंत्राला स्वतःच्या चाकांवर, जमिनीच्या कलाने चालू दिलं. आठवड्याभराने कोवळ्या हिरव्या रेघा उमटल्या. साहेबांनी पाठ थोपटली, आणि या पदवीधर बाईंनी सगळी स्तुती निमूट गिळली.

ती पचली मात्र नाही. दुपारी शेडमध्ये जाऊन म्हणाले, "दादा, साहब को मैंने आपका नाम नहीं बताया." ते यंत्र धूत होते. "तो क्या हुआ? गाछ तो निकला ना?" एवढं बोलून त्यांनी ग्रीजची पिचकारी माझ्या हातात दिली. "आज आप कीजिए."

पदर खोचून मी यंत्राखाली शिरले. नेमणुकीचं पत्र महिन्यापूर्वीच मिळालं होतं. पण रुजू मी त्या दुपारी झाले.