दोन डावे हातमोजे

मला गप्प बसवत नाही. पण मी वसमतच्या एका कॉलेजात क्लार्क, तिथं तोंडावर कुणाला काही बोलायची सोय नाही. म्हणून सगळी खाज मोबाइलवर भागवायची. तिथं माझं खातं टोपणनावाचं आहे.

गेल्या हळदीच्या सीझनला आमच्या भागातल्या एका नेत्यानं फेसबुकवर फोटो टाकला. कुरुंद्याकडच्या एका गोडाऊनवर हळद निवडणाऱ्या बायांना रबरी हातमोज्यांचं वाटप. वर लिहिलेलं, 'माता-भगिनींच्या हातांना आमचं संरक्षण.' आणि वाटायला अकरा कार्यकर्ते! आपल्याकडं वाटपाची रीतच आहे, वस्तूला आपला हात लागलेला फोटोत दिसलाच पाहिजे. जोडी एकानं दिली तर बाकीच्यांनी काय हवा खायची? म्हणून जोड्या फोडून एकेक मोजा एकेकाच्या हातात दिलेला. त्या घोळात समोरच्या बाईला दोन्ही डावेच मिळाले. उजव्या हातावर मोज्याची तळव्याकडची खरबरीत बाजू वर आलेली. धुळीमुळं तिनं तोंडाला फडकं बांधलं होतं, नुसते डोळे दिसत होते.

मी झूम करून बघितलं आणि लिहिलं, "साहेब, दोन्ही डावेच? उजवे पुढच्या निवडणुकीत देणार का?"

झालं! दुसऱ्या दिवशी ज्याच्या त्याच्या स्टेटसला तेच. कुणी त्याचं रील केलं, कुणी त्या बाईच्या तोंडी संवाद घातले. कॉलेजात लोक मलाच तो फोटो दाखवून हसत होते. खोटं कशाला बोलू, मला लई भारी वाटत होतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आईचा फोन आला. ती गावी एकटी असते. हळद निवडायचं काम मी तिला दोन वर्षांपूर्वीच बंद करायला लावलं होतं.

"बाबा, रागावू नको. मी गोडाऊनवर कामाला जाऊन राहिले. घरात बसून दिवस जात न्हाई. त्या मोज्याच्या फोटोत मीच हाय. आता ते साहेबाचे लोक आलेत मोबाइल घेऊन. म्हंतेत, मोजे बराबर होते, मीच उलटे घातले असं बोल. न्हाई तर उद्यापासून येऊ नको. तू ये ना रं."

स्वतःच्या आईला मी ओळखलं नव्हतं! तसाच गाडीवर निघालो.

गोडाऊनच्या दारात तीन-चार कार्यकर्ते उभे होते. एकानं आईसमोर मोबाइल धरला होता, शेजारी मुकादम. "तुमी समजवा मावशीला," कार्यकर्ता म्हणाला, "साहेबांची लई बदनामी होऊन राहिली. अन् ते लिहिणारं बेणं सापडू द्या, बघतोच त्याला."

आईला बाजूला घेऊन मी म्हणालो, "आई, म्हण ना तसं. काय जातं आपलं?"

तिनं तोंडावरचं फडकं सोडलं. "काहून म्हणू? दोन्ही डावेच होते. मी तवाच सांगितलं, तर म्हणले, मावशी, फोटोपुरते घाला."

मग ती स्वतःच मोबाइलसमोर जाऊन उभी राहिली. "ज्यानं लिहिलं त्याला मी ओळखत न्हाई. पण तो खरं बोलला. एवढ्या लोकांत एकटा तोच खरं बोलला, अन् मी त्याला खोटं पाडू व्हय?"

कार्यकर्त्यानं मोबाइल खाली घेतला. मुकादम आईकडं न बघताच म्हणाला, "मावशी, उद्यापासून येऊ नका." आई आत जाऊन आपला डबा घेऊन आली.

'तो मीच' एवढं म्हणायचं होतं. दोन शब्द. सगळे समोरच होते. माझं तोंड उघडलं नाही. त्या कार्यकर्त्यानं जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, तर मी कसनुसा हसलोसुद्धा. लाज वाटते सांगायला.

गाडीवर मागं बसल्यावर आईनं विचारलं, "तू असतोस की मोबाइलवर. कोन हाय रं तो लिहिणारा?"

"काय माहीत," मी म्हणालो.

"सापडला तर घरी जेवायला घेऊन ये त्याला."

"आणतो," मी म्हणालो.