झऱ्याच्या डोक्यावरचा राब

माझं माहेर सोमाटण्याचं, हमरस्त्यावरचं. तिथून मला दिली आंदर मावळात, जिथं एस.टी. आली तर आली. गावाला पाणी एकाच झऱ्याचं. खडकाच्या कपारीतून यायचं आणि खालच्या दगडी कुंडात साठायचं. भर उन्हाळ्यातही पिताना दात शिवशिवायचे. त्या पाण्यावर माझा जीव होता, खोटं कशाला बोलू!

एका वर्षी सासऱ्यांनी भाताचा राब केला तो नेमका झऱ्याच्या वरच्या उतारावर. राब म्हणजे रोपं टाकायच्या जागेवर शेण, पाला, गवत पसरून जमीन भाजायची. "तितली माती वलसर हाय, रोप जोमानं येतंय," हे त्यांचं म्हणणं. मी सासूबाईंकरवी निरोप दिला, "मामंजींना म्हणावं, सर आली की सगळी राख झऱ्यात उतरेल." ओटीवरून उत्तर आलं, "सडकंची लेक आमाला भात शिकवाय लागली!" असा काही राग आला मला! भाकरी इतक्या जोरात थापली की सासूबाई म्हणाल्या, "अगं, काटवट फुटंल."

आणि वळवाची एक दणकून सर आलीच. कुंडातलं पाणी काळंभोर, वर शेणकुट तरंगतंय. त्यात दुसऱ्याच दिवशी माझ्या धाकट्या दिराला बघायला मुलीकडचे येणार होते. भावोजींनी ती मुलगी जत्रेत पाहिली होती आणि तेव्हापासून त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. पाणी बघून ते डोक्याला हात लावून बसले. "वहिनी, बोंबललं सगळं!"

मुलीला आई नव्हती, मावशीनं वाढवलेली. ही मावशी आली ती ओटीवर टेकलीसुद्धा नाही. "बसायचं मागनं. पानी कुटं भरता ते दावा आदी. माजी पोर रोज तितंच जानार."

झाली का पंचाईत! सगळी वरात झऱ्यावर. मावशीनं कुंडात डोकावलं. "ह्यात काय म्हशी लोळवता व्हय?"

आमच्यातला एकजण लगेच म्हणाला, "वरच्या वाडीची गुरं..." गावात ही सवयच होती, काही घाण झाली की ढकल डोंगरावरच्या वाडीतल्या लोकांवर. पण सासरे एकदम गरजले, "गप ऱ्हा! त्यांचं नाव घिऊ नगंस. राब माजा हाय. सूनबाई सांगत व्हती, मीच ऐकलं न्हाई."

पदराआड मी केवढी फुलले म्हणून सांगू!

मावशीनं पदर खोचला. मग म्हणाली, "मंग उभं का? वरनं चर खांदा, राबाचं पानी वढ्याकडं वळवा. कुंड उपसा. निवळ पानी आल्याबिगर मी च्याला त्वांड लावनार न्हाई."

मग जी धमाल उडाली! भावोजी नव्या पांढऱ्या पायजम्यासकट कुंडात उतरले. सासऱ्यांनी कोट काढून फांदीला अडकवला आणि कुदळ घेतली. मुलीकडचे पुरुषही धोतरं खोचून चर खणायला लागले. वाडीवरची दोघं टिकाव घेऊन मदतीला आली. मघाचं बोलणं त्यांच्या कानी गेलं नाही हे नशीब. आम्ही बायकांनी रांग धरली आणि काळ्या पाण्याचे हंडे खालच्या भातखाचरात ओतले. "शेणखत घरपोच!" कोणीतरी ओरडलं, आणि हसून हसून आमच्या हातातले हंडे सांडायला लागले.

उन्हं कलली तेव्हा कुंडाचा तळ दिसायला लागला. कपारीतून निवळशंख धार येत होती. मावशीनं ओंजळ धरली, घोटभर प्यायली, तोंडावर मारलं. भावोजी चिखलानं माखून गुडघाभर पाण्यात उभे, तिच्या तोंडाकडं बघत.

मावशीनं त्यांच्यावर डोळे वटारले. "अवो जावईबापू, भाईर निगा आदी! माज्या पोरीचं पानी हाय ते."